खोबरेलातली झाडं

वन्सं, तुमच्या चित्रातली झाडं अजून वाळलेली नाहीत.

आकाश वाळलंय, डोंगर वाळलेत. आज सकाळी पडवीत बसून मी सगळं बोटाने चाचपून पाहिलं. वरच्या जांभळ्यापासून खालच्या पिवळ्यापर्यंत कोरडं ठणठणीत. मग सावरीच्या बुंध्यावर बोट टेकवलं तर ते काळं झालं. साबणाने धुतलं, राखेने घासलं, तरी नखाच्या कडेला थोडं राहिलंच. त्याच हाताने चहा केला आणि आता लिहायला बसले आहे.

तुम्ही कशा गेलात ते मी इथे लिहिणार नाही. ते सगळ्या वाडीला पाठ आहे आणि तुम्हाला तर माझ्याहून जास्त माहीत आहे. तुमच्या गुणांची यादीही करणार नाही. तेराव्याला आलेल्या बायकांनी ते काम केलं, आणि त्यातले निम्मे गुण तुमच्यात नव्हते हे मी गप्प बसून ऐकलं. मला बोलायचंय ते या चित्राबद्दल, कारण त्यावरचा आपला वाद अर्धवट राहिला. वाद अर्धवट टाकून उठायची तुम्हाला सवयच होती. हरायला आलात की ‘चहा ठेवते’ म्हणायचात.

खरं म्हणजे आपलं जमायचं काही कारण नव्हतं. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्नात माझा उखाणा ऐकू आला नाही म्हणून तुम्ही मला तो पुन्हा पुन्हा घ्यायला लावलात, आणि ऐकू तर पहिल्याच वेळी आला होता. पुढे तुम्ही उमरठकडच्या या वाडीत संसाराला लागलात, मी महाडात शाळेत गणित शिकवत राहिले. भेट गणपतीला, नाहीतर कुणाच्या बारशाला. मग तुमचे यजमान गेले, काही वर्षांनी तुमचा भाऊ गेला. ज्याच्यामुळे आपण एकमेकींच्या कोणी लागत होतो तो माणूसच उरला नाही. आता कशाला येणंजाणं, असं लोकांना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण त्याच्या वर्षश्राद्धानंतर एका शनिवारी मी उगाच तुमच्याकडे आले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. मग ते अंगवळणीच पडून गेलं.

महाडहून पोलादपूर, स्टँडवर गाडी बदलायची, फाट्याला उतरायचं आणि लाल मातीची चढण चालत यायची. खांद्याला पिशवी, बगलेत छत्री. वैशाखातसुद्धा छत्री बघून कंडक्टर हसायचा. ‘बाई, पाऊस आणताय का?’ मी म्हणायचे, इथल्या आभाळाचा आणि इथल्या गाडीचा भरवसा धरू नये. येताना पिशवीत तुमच्यासाठी पाव आणि रक्तदाबाच्या गोळ्या, जाताना तुमच्याकडची आमसुलं नाहीतर नाचणीचं पीठ. पिशवी कधी रिकामी गेली नाही.

आणि मी राहत मात्र नसे. दिवस कलला की शेवटची गाडी गाठायला निघायची. तुम्ही दर वेळी म्हणायचात, ‘राहा गो आजची रात.’ मी दर वेळी सांगायचे की मला माझ्या उशीशिवाय झोप लागत नाही. यावर तुम्ही एका उन्हाळ्यात समोरच्या सावरीचा कापूस वेचलात. बोंडं वाळवली, बिया काढल्या, आठवडाभर शिंकत राहिलात आणि उशी शिवलीत. ‘आता उशीचं कारण नाय चालायचं,’ असं म्हणून ती माझ्या मांडीवर ठेवलीत. मी दाबून पाहिली. ‘फार मऊ आहे. मानेला बरी नाही,’ मी म्हणाले. तुम्ही ती उचलून कपाटात ठेवलीत.

हे लिहिताना मला पश्चात्ताप वगैरे होतोय असं कुणी समजू नये. मला खरोखरच माझ्या घरी झोप लागते. रविवारी सकाळी शिकवणीची पोरं येतात. माणसाने आपल्या वेळा पाळाव्यात आणि आग्रहाला बळी पडू नये, हे मी आयुष्यभर शिकवलं आणि पाळलं. तुम्हालाही ते ठाऊक होतं. तुम्ही ‘राहा’ म्हणायचं आणि मी ‘नाही’ म्हणायचं, हे आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं झालं होतं. शब्दांकडे कुणाचं लक्ष नसायचं.

खरा वाद व्हायचा तो पायात चपला सरकवताना.

‘चला वन्सं, जाते.’

‘जाते नाय म्हणू. येते म्हण.’

‘जातेय तर जातेच म्हणणार.’

‘अगं, घरातून निघताना असं बोलू नाय.’

‘वन्सं, तुमच्या घरापासून माझं अंतर वाढत चाललंय. म्हणजे मी जातेय. यात शकुन-अपशकुनाचा काय संबंध?’

‘शाळा सुटली तुझी, आता तरी सोड आम्हाला,’ तुम्ही कपाळाला हात लावायचात. मी उतरायला लागायचे. मागून तुमचा आवाज यायचाच, ‘ये गो!’ मी मागे वळायचे नाही, छत्री जरा हलवायचे. समोर उतरता रस्ता, त्याच्या टोकाला वळण, वळणावर ती सावर, आणि तिच्या पाठीमागे मावळतीचं आभाळ. मला त्या वेळी फक्त गाडी दिसायची.

चित्रांचं खूळ तुमच्या डोक्यात महेशने घातलं. म्हणजे त्याला तसं करायचं नव्हतं. पुण्याहून आला तेव्हा आईला जुना मोबाईल देऊन गेला, कीर्तनं ऐका म्हणाला. तुम्ही कीर्तनं सोडून एका गोऱ्या मास्तरला पकडलंत. तो अर्ध्या तासात अख्खा सूर्यास्त करायचा. आधी आकाश, मग तळं, मग काळी झाडं. त्याचं इंग्रजी तुम्हाला कळत नव्हतं आणि त्याने काही बिघडतही नव्हतं. ‘हाताकडं बघायचं,’ तुम्ही मला सांगितलंत, ‘तोंडाकडं कशाला बघायचं?’

मग फोन. ‘निमा, तुमच्या महाडात तेलाचे रंग मिळतात का गो?’

मी हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. आपल्याकडे तेलाचा रंग म्हणजे खिडक्यांचा. तुम्ही झाकण उघडून वास घेतलात आणि गडगडून हसलात. तो डबा वाया गेला नाही, तुमच्या मागच्या दाराला लागला. अजून चकचकतोय. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या स्टेशनरीच्या दुकानातून पुण्याला सांगून खऱ्या ट्यूबा, ब्रश आणि कॅनव्हास मागवले. ट्यूबांवरची नावं मी तुम्हाला वाचून दाखवली. बर्न्ट अंबरला तुम्ही ‘करपलेला आंबा’ म्हणायला लागलात. येलो ऑकर ऐकून म्हणालात, ‘ओकारीचा पिवळा? शी! दुसरं नाव नाय सापडलं त्यांना?’ त्यानंतर त्या रंगाला माझ्याही तोंडात दुसरं नाव बसलं नाही.

पहिलं आकाश हिरवं झालं. खालून पिवळा वर चढवलात, वरून निळा खाली ओढलात, दोघं मध्ये भेटले आणि पोपटी झाले. मी म्हणाले, कैरीचं पन्हं सांडलंय. तुम्ही चिडून ते पुसून काढलंत. पुढच्या शनिवारी आले तर तुम्ही जिंकलेल्या चेहऱ्याने पडवीत बसलेल्या. पिवळ्या-निळ्याच्या मध्ये गुलाबीचा एक पट्टा घातला की ते भांडत नाहीत, असा शोध लागला होता. ‘भावाबहिणीच्या मधी वहिनी आली की कसं?’ तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, तेव्हा तर भांडणं सुरू होतात. ‘आपल्यात कुठं झाली?’ तुम्ही विचारलंत आणि ब्रश रॉकेलात बुडवलात.  

दोनचार चित्रं तुम्ही मास्तरसारखी केलीत. टोकदार झाडं, तळं, तळ्यात अर्धा बुडालेला सूर्य. मग एके दिवशी म्हणालात की ही कुणाची झाडं आपण काढत बसलोय? आपल्याकडे सूर्य पाण्यात बुडत नाही, चांगला गोल असतानाच डोंगराआड जातो, आणि रंग येतात ते तो गेल्यावर. आता समोरचंच काढायचं. वळण, वळणावरची सावर, पलीकडची ऐनाची दोन झाडं आणि मागे डोंगर. दिवाळीनंतर तुम्ही आकाशाला हात घातलात आणि पौषापर्यंत तेच करत होतात. मी मान्य करते, आकाश उत्तम झालं. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. ‘ठीक आहे’ म्हणाले होते. माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा, ‘ठीक आहे’ म्हणजे किती.

झाडांवरून मात्र बिनसलं. सावरीची पानं झडून गेली होती, फुलं यायला लागली होती. लालभडक. आणि तुम्ही ती काळी काढायला निघालात.

‘वन्सं, फुलं लाल आहेत.’

‘असतील.’

‘मग?’

‘उजेड पाठीमागं हाय गो. उजेड पाठीमागं असला की सगळं काळंच. फूल काय, पान काय, माणूस काय.’

‘पण लाल आहेत हे आपल्याला माहीत आहे ना?’

‘माहीत हाय ते वेगळं. दिसतंय ते काढायचं.’

मी म्हणाले, मग नुसत्या बाह्यरेषेवरून सावर आहे हे कळणार कसं? तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, ‘चालीवरून माणूस नाय ओळखत? तसं.’ आणि चहा ठेवायला उठलात.

फांद्या बारीक ओढायला रंग पातळ लागतो. त्यासाठी जवसाच्या तेलाची बाटली होती, ती संपली. दुकानातली यायची होती पुण्याहून. तुम्हाला कुठला धीर! संक्रांत झाली आणि तुमचा फोन आला, ‘झाडं झाली गो!’ मी विचारलं, तेल कुठलं घातलंत? म्हणालात, ‘घरचं. खोबरेल. तेल ते तेल.’

तो शनिवार मला चांगला आठवतो. पडवीत शिरल्या शिरल्या वेणीचा वास आला. चित्राला डोक्याला लावायच्या तेलाचा वास! मी पिशवी ठेवायच्या आधी हसायला लागले. ‘वन्सं, खोबरेल कधी वाळतं का? वाळत असतं तर आपल्या वेण्यांच्या काठ्या झाल्या असत्या.’ तुम्ही ऐकून घेतलंत. हातातल्या पदराने बोटं पुसलीत. ‘वाळेल सावकाश,’ म्हणालात. ‘मला कुठं घाई हाय?’

आणि मग मला ते झुडूप दिसलं.

सावरीच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या मधोमध, एक बुटकं, जाडसर झुडूप. खालून फुगलेलं, एका बाजूला कललेलं आणि त्याच्या पोटातून एक फाटा तिरका मागे आलेला. बाकी चित्र इतकं नेटकं आणि त्यात हे. मी म्हणाले, हे इथे नकोच. रस्त्याच्या मधोमध झुडूप उगवत नाही. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे.’ मी म्हणाले, निदान तो आडवा फाटा तरी कापा, कुठलं झाड असं वाढतं? ‘राहू दे गो.’ त्याने नजर अडकते, आकाशाचा तोल जातो, मी समजावत राहिले. तुम्ही ऐकत राहिलात आणि एकदा तर खुदकन हसलात. मला राग आला. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार त्या झुडपावर गेला. शेवटच्या शनिवारी मी गाडीसाठी उठले तेव्हाही आपलं ते चाललेलंच होतं. ‘पुढच्या वेळी मी स्वतः पुसून टाकेन,’ मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘बघू कशी पुसतेस.’ मग मी जाते म्हणाले, तुम्ही येते म्हण म्हणालात, आणि मी उतरले.

पुढचा शनिवार यायच्या आधी महेशचा फोन आला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. महेश काल दुपारी निघाला. निघताना अंगणात उभा राहून म्हणाला, ‘मामी, घर आता बंदच राहणार. मला वर्षातून एकदा जमलं तर जमलं. आईचं ते चित्र तुम्ही घेऊन जा, तुमच्यामुळेच झालं ते. आणि किल्ली शेजारी अनुसयाकाकूंकडे ठेवा.’ चांगला मुलगा आहे, रडला नाही फार. मी म्हणाले, मी संध्याकाळच्या गाडीने चित्र घेऊन जाते. त्याची गाडी वळणाआड गेली आणि मी पडवीत येऊन बसले.

तेव्हा मी अगदी शांत डोक्याने हिशेब मांडला. तुमच्या भावामुळे तुम्ही, तुमच्यामुळे हे घर. तुमचा भाऊ नाही, तुम्ही नाही, तर हे घर माझं कुणी नाही. चित्र घ्यायचं, किल्ली द्यायची, उतरायचं. शनिवार मोकळे होतील, शिकवणीची एक तुकडी वाढवता येईल. यात काही चूक सापडेना. सापडेना म्हणून मी तो पुन्हा मांडून पाहिला.

मग माझी नजर त्या झुडपाकडे गेली. चित्र माझ्या घरी टांगायचं, तर ते झुडूप रोज बघायचं कोणी? झाडं ओलीच होती, खालचं आकाश वाळलेलं. रॉकेलात फडकं बुडवून एक हात फिरवला की झुडूप साफ आणि आकाश जसंच्या तसं. अडवायला तुम्ही नव्हतात. समोरचा माणूस गेला म्हणजे वादात आपली सरशी झाली असं धरता येतं का, हा प्रश्न मनात आला होता, नाही असं नाही. पण तुम्हीच म्हणाला होतात, बघू कशी पुसतेस. मी फडकं भिजवलं, पिळलं आणि चित्रासमोर मांडी घातली.

‘ओ वयनी! ता काय करताव?’

अनुसया. तुमची शेजारीण, रोज संध्याकाळी तुमच्या पडवीच्या पायरीवर बसून कुळीथ निवडणारी. माझ्यासाठी भाकरी घेऊन आली होती. ताट खाली न ठेवताच ती पुढे आली.

मी म्हणाले, ‘काही नाही गं. हे झुडूप तेवढं काढते. चित्र बिघडवलंय त्याने.’

‘झुडूप?’ अनुसयाने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘वयनी, ता झुडूप नाय. त्या तुमी.’

मला आधी कळलंच नाही.

‘ही काय तुमची पिशवी,’ तिने ताटासकट कोपर पुढे करून दाखवलं. खालचा फुगवटा. ‘हा तुमचा खांदा, पिशवीनं खाली आलेला. आन ही छत्री.’ छत्री म्हणजे तो तिरका फाटा. ज्याला मी इतके दिवस कापा म्हणत होते. ‘आक्का रोज तुमाला काढायच्या आन पुसायच्या. छत्री काय नीट होत नव्हती. शनवारी तुमी निघालाव की मला बोलायच्या, अनुसया, थांब गो, बोलू नको, आता वळणावर जातील त्या, मला बघू दे. मी बोलले, वयनींना सांगा की. तर बोलल्या, नाय. गणिताच्या बाई हायत, सोडवतील आपल्या आपण.’

मी फडकं बादलीत टाकलं. हात धुतले.  वन्सं, तुम्ही तेव्हा खुदकन का हसला होतात तेही कळलं. मला तुमचा राग आला आणि तुम्ही नाही याचं फार वाईट वाटलं, अगदी तेराव्यालाही वाटलं नव्हतं इतकं. माझ्या आयुष्यात मला पाठीमागून इतक्या वेळा कुणी बघितलं नसेल. तुमच्या भावानेही नाही. तो माझ्या पुढे चालायचा.

पण सवय जात नाही. डोळे पुसून मी अनुसयाला म्हणाले, ‘एक सांगू? यात मी जाताना दिसतेय. संध्याकाळ आहे, रस्ता गाडीकडे जातो, म्हणजे मी जातेय. मी जाते म्हणायचे तेच बरोबर होतं. त्यांनी स्वतःच काढून ठेवलंय.’

अनुसया भाकरी झाकत होती. ती म्हणाली, ‘मी पण हाच बोलले त्यांना. बोलले, आक्का, वयनी चालल्या वाटतं गाडीला. तर हसल्या. बोलल्या, उजेड पाठीमागं हाय गो, तोंड कुठं दिसतंय? पाठ आन पोट एकच काळं. येतेय असं धर.’

येतेय असं धर.

वन्सं, हा शब्द तुम्ही कुठून उचललात मला माहीत आहे. माझ्याकडूनच. शिकवणीच्या पोरांचे पेपर मी तुमच्या पडवीत तपासायचे आणि मोठ्याने करवादायचे, ‘अरे, क्ष धरला ना, मग तो शेवटपर्यंत सोडवायला नको का? नुसता धरून ठेवलाय!’ तुम्ही बाजूला तांदूळ निवडत असायचात. लक्ष नाही असं मला वाटायचं.

मी जेवले. भांडी घासली. उन्हं कलली तशी चित्र न्यायला म्हणून उचललं. एका हातात चित्र, खांद्याला पिशवी, बगलेत छत्री. दोन पायऱ्या उतरले आणि माझ्या लक्षात आलं की हे चित्र कुठेच नेता येणार नाही. पदर लागला तरी सावर पुसली जाईल. पोलादपूरच्या गाडीच्या गर्दीत तर झाडं, मी, छत्री, सगळं कुणाच्या तरी पाठीला लागून जाईल. वाळल्यावरच न्यावं लागेल, आणि खोबरेल वाळत नाही. ते मी तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं आणि तुम्ही बोटं पुसत म्हणाला होतात की मला कुठं घाई आहे. वन्सं, झाडं काढताना तेल ते तेल म्हणालात ते खरंच अडाणीपणाने, की पहिल्यापासून माहीत होतं? आता हे कुणाला विचारू?

चित्र मी परत पडवीत भिंतीला टेकवलं. किल्ली अनुसयाला दिली. ‘जाते गं,’ असं तोंडापर्यंत आलं होतं, ते तिथेच राहिलं. मी उतरायला लागले.

समोर तेच सगळं होतं, तुम्ही काढलेलं. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता आणि पिवळ्यावर गुलाबी चढत होता. सावरीची फुलं खरोखरच काळी दिसत होती. याबाबतीत तुमचं बरोबर होतं, मी लिहून देते. वळणापर्यंत पोचले. खालून घाटातल्या गाडीचा आवाज यायला लागला होता. चार पावलं झपझप टाकली असती तर मिळाली असती. दर शनिवारी मिळायची. मी छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. ती सावरीच्या कापसाची उशी कपाटात वरच्या फळीवर आहे, पाहुण्यांच्या गडबडीत ती कुणी नेली नसेल ना, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात आलं. ते बघायला हवं होतं.

मी वळले आणि चढायला लागले.

अनुसया अजून पडवीच्या पायरीवरच होती. तिने डोळ्यांवर हात आडवा धरला. माझ्या पाठीमागे सगळं आभाळ पेटलेलं, तिला माझं तोंड दिसणं शक्य नव्हतं.

‘कोण ता येतंय गो?’ तिने वरून हाक मारली.

मी छत्री वर करून दाखवली.